मनूस, डिपॉझिट भरण्याआधी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

नव्या नोकरीच्या शहरात तू कुठलं घर घ्यावंस यावरून रविवारी फोनवर आवाज चढले, तुझाही आणि माझाही. "बाबा, तिथं मला राहायचंय, तुम्हाला नाही," असं म्हणून तू फोन ठेवलास. बोललीस ते खरंच आहे. म्हणून पुन्हा फोन न करता लिहायला बसलो. तुझ्या दम्याबद्दल या पत्रात अवाक्षर काढायचं नाही, असं ठरवलंय. फक्त वस्तीबद्दल लिहीन. नगररचना खात्यात नकाशे काढण्यात माझी सगळी नोकरी गेली, तेव्हा तेवढ्यापुरतं ऐकून घे.

तुझा तक्ता मी छापून घेतला. चार घरं, प्रत्येकापुढे भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ, मोबाइलची रेंज, ऑफिसला लागणारा वेळ. आईनं तो विमलआत्याला दाखवला, दादालाही पाठवला. सोमवारी सकाळी गर्दीच्या वेळी तू स्वतः जाऊन प्रवास मोजून आलीस, हे तर मला फारच आवडलं. नकाशावरचं अंतर आणि माणसाला पडणारं अंतर वेगळं असतं, हे नव्याने रुजू झालेल्या आरेखकांना सांगून सांगून माझा घसा बसायचा. तुला ते न सांगता कळलं.

प्रवासाला तू इतकं महत्त्व देतेस तेही बरोबर आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काह्नमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या सुमारे ९०० नोकरदार बायकांना आदल्या दिवसाचा एकेक प्रसंग आठवून तो कसा गेला ते लिहायला सांगितलं होतं. २००४ साली ते प्रसिद्ध झालं. सकाळी कामावर जाण्याचा प्रवास त्यात अगदी तळाला होता. तेव्हा रोजचा दीड तास रस्त्यावर घालव असं मी तुला सहज म्हणत नाही. तो दीड तास किती जड असतो ते मला ठाऊक आहे.

तरीही तुझ्या तक्त्यातला पहिला नंबर, महामार्गालगतचा टॉवर, मला शेवटी हवा आहे, आणि शेवटचा, जुन्या वस्तीतलं घर, पहिला.

मधल्या दोघांचं आधी उरकतो. टेकडीमागचं घर लांब आहे आणि तुझ्याही मनात नाही, ते सोड. नाल्याकाठचं तळमजल्याचं घर स्वस्त का आहे ते तिथल्या भिंती सांगतील. नवा रंग फक्त कमरेपर्यंतच दिला असेल तर समजून जा. पाणी कुठवर आलं होतं ते घरमालकाला विचारू नकोस, समोरच्या इस्त्रीवाल्याला विचार. त्याला काही विकायचं नसतं. आणि खोलीत शिरताच कुबट वास आला तर तिथूनच परत फीर. ओल आणि बुरशीच्या घरात श्वासाचे विकार वाढतात, यावर जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. तुझ्यासारख्या मुलीनं तर...

नाही. तो विषय नाही म्हटलं ना.

आता महामार्गालगतचा टॉवर. ऑफिस बारा मिनिटांवर, लिफ्ट, नववा मजला, मोठी गॅलरी. फोटो सुंदर आहेत. मी नकाशावर मोजलं, गॅलरीपासून महामार्गाची कड साधारण ७० मीटरवर येते. मोठ्या रस्त्याच्या धुराचा जोर त्याच्या दोन्ही अंगांना ३०० ते ५०० मीटरपर्यंत असतो, पुढे तो ओसरतो. पहाटे वारा पडलेला असतो तेव्हा धूर आणखी लांब जातो. वरच्या मजल्यावर थोडा कमी पोचतो, हे मान्य. पण हवेतल्या सूक्ष्म कणांची वर्षभराची सरासरी मर्यादा आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये घनमीटरमागे १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली ती उगाच नाही. गॅलरीच्या कठड्यावरून बोट फिरवून बघ. काळं निघालं तर तेच रोज आत येणार आहे. शेजारच्या प्लॉटवर पत्रे ठोकलेत तेही फोटोत दिसतंय. तिथं खोदकाम सुरू झालं की दोन-तीन वर्षं सिमेंटची धूळ आलीच.

एवढं सगळं लिहिलं, पण माझं खरं कारण धूर नाही. धुराला खिडकी लावता येते.

त्या टॉवरमध्ये माणसं किती राहतात? तूच म्हणालीस, अर्धे फ्लॅट गुंतवणुकीचे आहेत, अजून कुलपं आहेत. तुझ्या मजल्यावर चार दारं, त्यातली तीन बंद. खाली वॉचमन, तोही दर महिन्याला बदलणारा. मनू, एखाद्या सकाळी तुझं दार उघडलं नाही तर तिथं ते कुणाच्या लक्षात येईल?

शिकागोत जुलै १९९५ मध्ये उष्णतेची लाट आली. नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त दगावली. एरिक क्लिनेनबर्ग नावाच्या समाजशास्त्रज्ञानं नंतर वस्त्यावस्त्यांतून फिरून ती का गेली ते शोधलं. नॉर्थ लॉन्डेल आणि साउथ लॉन्डेल या एकमेकींना लागून असलेल्या वस्त्या. ऊन तेच, गरिबी सारखीच, एकटे राहणारे म्हातारेही दोन्हीकडे बरेच. नॉर्थ लॉन्डेलमध्ये लाखामागे ४० मृत्यू, साउथ लॉन्डेलमध्ये ४. जिथं माणसं वाचली तिथला रस्ता दिवसभर जागा होता: दुकानं, फुटपाथवर पोरं, येणारे-जाणारे. म्हातारी माणसंसुद्धा त्यामुळे बाहेर पडत, आणि एखादा दिसला नाही तर ते जाणवत असे. नॉर्थ लॉन्डेलमध्ये ओसाड प्लॉट, बंद दुकानं, दाराला आतून कडी.

तू म्हातारी नाहीस आणि ही उन्हाची गोष्ट नाही, हे मला कळतं. तुला घाबरवायचं नाहीये. पण नोकरीत असताना हा प्रकार वाचल्यापासून नकाशावर एखादी वस्ती बघितली की मला आधी हेच सुचतं, इथं कोण कुणाचं दार ठोठावेल.

रस्त्याचंही तसंच. डोनाल्ड अॅपलयार्ड या नगररचनाकारांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एकसारख्या तीन रस्त्यांवरच्या लोकांना, इथं तुमचे मित्र किती, असं विचारलं होतं. तो अभ्यास १९७२ साली आला. दिवसाला २,००० गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर माणशी तीन मित्र निघाले. १६,००० गाड्यांच्या रस्त्यावर एकसुद्धा पुरता नाही, ०.९. वाहतूक वाढली की माणसं रस्त्याकडे पाठ करून बसतात, मागच्या खोल्यांत राहायला लागतात. तुझ्या महामार्गावर १६,००० गाड्या दिवस उजाडायच्या आत होत असतील.

हे व्याख्यान झालं. रविवारी तू ज्यावर चिडलीस तेच मी कागदावर करतोय. माफ कर. तुला आकडे कळतात म्हणून आकडे देतो, आणि साधं बोलायला गेलो की माझा गळा दाटतो म्हणूनही.

साधं सांगतो. तू दुसरीत होतीस तेव्हाची ती रात्र तुला आठवत नसेल. मी सर्वेच्या कँपवर होतो. आपण क्वार्टर्समध्ये वरच्या मजल्यावर, खाली काकू. तुझा खोकला त्यांना रोज ऐकू यायचा, छत पातळ होतं. त्या रात्री त्या आपणहून वर आल्या. आईला म्हणाल्या, "आज हिचा खोकला वेगळा वाटतोय." आई तेव्हा तुला टेकवून बसवत होती, पाठ चोळत होती, नेहमीसारखंच आहे असं समजत होती. काकांनी स्कूटर काढली. तुला मध्ये घेऊन तिघं दवाखान्यात गेले. डॉक्टर काय म्हणाले ते आईनं मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं, आणि ते मी इथं लिहिणार नाही.

माझ्या दर बदलीला घर आई शोधायची, मी नाही. मी वरून बघायचो, रस्ता किती फुटी, नाला कुठून, पुढे काय येणार. आई खालून बघायची. संध्याकाळी जायची आणि दोऱ्यांवर कपडे किती वाळताहेत ते पाहायची. जिन्याखाली सायकली आहेत का. दारात चपला किती जोड. कुणी "कुणाकडे आलात?" असं विचारतं का. असं विचारणारी बाई भेटली की आई म्हणायची, घर मिळालं. मला त्या चौकशा नकोशा वाटायच्या. त्या काकूही तशाच चौकशा करणाऱ्या होत्या.

जुन्या वस्तीतल्या घराबद्दल तू म्हणालीस की तिथल्या बायका जिन्यातच बसलेल्या असतात, तू कधी आलीस-गेलीस सगळ्यांना कळणार. हो, कळणार. तुझ्या वयाला ते किती बोचतं ते मला समजतं. कुणी वाकड्या नजरेनं बघत असेल, कुठल्या जातीची म्हणून विचारत असेल, रात्री उशिरा आल्याबद्दल टोमणा मारत असेल, तर तसलं घर अजिबात घेऊ नकोस. लक्ष ठेवणारा आणि लक्ष असणारा यात फरक आहे, तो तुला दोन भेटींत कळेल. पण लक्षच नको म्हणून महामार्गावर जाऊ नकोस.

ओळखी आपोआप होत नाहीत असं तुला वाटतं. घराची जागाच त्या करून देते. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात लग्न झालेल्या विद्यार्थ्यांच्या घरांचा अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. घरं कुणाला कुठली मिळाली ते केवळ क्रमावर होतं. तरी शेजारच्याच दारातल्यांना जवळचे मित्र म्हणणारे ४१ टक्के, आणि त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाच्यांना म्हणणारे फक्त १०. जिन्याजवळ राहणाऱ्यांना जास्त मित्र. तुझं दुसऱ्या मजल्यावरचं घर नेमकं जिन्याला लागून आहे, तू तो दोष म्हणून लिहिलायस.

आणखी एक गोष्ट मी नकाशावर पाहिली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. टॉवरपासून इस्पितळ ४०० मीटर असं तू लिहिलंस. सरळ रेषेत तेवढंच आहे. पण ते महामार्गाच्या पलीकडे आहे, मध्ये दुभाजक आहे, आणि वळायला वाट पुढच्या उड्डाणपुलाखाली. रुग्णवाहिकेला ते पाच किलोमीटरच्या वर पडतं. जुन्या वस्तीतून इस्पितळ दोन किलोमीटरवर, पण रस्ता सरळ आणि तातडीचा विभाग रात्रभर उघडा. तो खरंच उघडा असतो का हे रात्री एकदा स्वतः जाऊन बघ, पाटीवर विश्वास ठेवू नकोस. दम्याचा जोर पहाटे चारच्या आसपास जास्त असतो, तेव्हाच छाती सर्वांत आवळलेली असते. ही वेळ धरून घर बघायला हवं, दुपारी दोनला एजंटबरोबर नाही.

लिहिलंच शेवटी. तुझी आई हसेल, म्हणेल मला ठाऊक होतं.

एक मधला रस्ता सुचतो. जुन्या वस्तीत पण ऑफिसच्या बाजूच्या टोकाला काही मिळतं का बघ, पंचवीस-तीस मिनिटांत बसेल असं. तुझ्या तक्त्यात ते नाही, कारण एजंट तिकडे नेत नाहीत. तिथली घरं पाटीवरून आणि तोंडी मिळतात. कामाच्या दिवशी रात्री आठनंतर जा आणि किती खिडक्यांत दिवे आहेत ते बघ. वॉचमनला, "फ्लॅट किती?" असं न विचारता, "राहतं कोण कोण?" असं विचार. आणि करार लहान मुदतीचा कर. पहिलं घर शहर ओळखण्यापुरतं असतं, पुढचं तू तुझ्या माहितीवर घेशील.

सगळं बघून तुला टॉवरच बरा वाटला, तर घे. पुन्हा वाद घालणार नाही. तू चोवीस तास आमच्या कानांच्या टप्प्यात होतीस ते दिवस संपले, आणि तुला तिकडे नोकरी मिळाली त्या दिवशी मी सगळ्या जुन्या सहकाऱ्यांना फोन केले होते हेही खरं. मुलाखतीत तू त्यांना उलट प्रश्न विचारलेस हे आई अजून सांगत असते.

आईला आपल्या भांडणाचं फारसं माहीत नाही. तिला फोन कर, मला नाही केलास तरी चालेल.

तुझा,
बाबा

ता. क. कुठलंही घर घेतलंस तरी दाराचं कुलूप बाहेरून किल्लीनं उघडेल असं बसवून घे, आणि रात्री आतून वेगळी कडी लावू नकोस. दुसरी किल्ली त्याच मजल्यावर कुणाकडे तरी दे. पंप कुठं ठेवतेस तेही त्यांना दाखव. मजल्यावर किल्ली द्यावी असं माणूसच नसेल, तर ते घर नको, मनू.