तांबट आळीतल्या काकांना

काका, नमस्कार.

ओळखलंत का? गेल्या महिन्यात स्टीलच्या डब्यात पितळेचे चिरलेले तुकडे घेऊन आलेली ती कोथरूडची बाई.

आजीच्या सागवानी देव्हाऱ्याच्या दारांवर आठ पितळी फुलं होती, छोट्या पुरीएवढी. चार कधी गळाली कुणास ठाऊक. ऑनलाइन मागवलेली, दोनदा घासली तर आतून करडी निघाली. एक कारखानदार शंभर नगांच्या खाली बोलायलाच तयार नव्हता. आणि एका दुकानात तर, "मॅडम, मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावतो." आमच्या मिस्टरांना भिंतीत खिळा ठोकता येत नाही, पण ते असो.

शेवटी ड्राय बाल्कनीत मीच बसले. 22 गेजचा पत्रा, कानस, खळगा कोरलेला लाकडी ठोकळा. पाकळीला जरा खोली आली की पत्रा चिरायचा. सात फुलं वाया गेली.

तुम्ही एक तुकडा उलटसुलट करून बघितलात आणि एवढंच विचारलंत, "मध्ये तापवला नाहीत ना?" ठोकून ठोकून पितळ ताठरतं, त्याला मंद लाल होईपर्यंत तापवून पुन्हा नरम करायचं. ती लाली मला दिसावी म्हणून तुम्ही दिवा मालवलात. पांढरा धूर आला तर जस्त जळतंय, मागे व्हा, हेही बजावलंत.

पण मनातून जात नाही ती तुमची हातोडी. मी माझी उचलली, तर "थांबा" म्हणालात. स्वतःची काढलीत, तिचं तोंड सदऱ्याच्या आतल्या बाजूने पुसलंत, उजेडात धरलंत, परत पुसलंत. तोंडावर कण असला तर पत्र्यावर उमटतो म्हणे. माझ्या त्या ओबडधोबड फुलावर डाग पडू नये म्हणून! मला एकदम भरून आलं, तुमच्या लक्षात आलं नसेल. मग पाट सोडून मला बसवलंत आणि स्वतः एकही ठोका घातला नाहीत.

पेशवाईपासून तांबं ठोकणाऱ्या आळीला माझ्या चार फुलांचं काय अप्रूप? त्यात धंदा नव्हताच, वर चहाचे पैसेही तुम्हीच दिलेत. पुण्याची माणसं तुसडी म्हणणाऱ्यांना मी आता तुमच्या दारात आणून उभं करणार आहे.

फुलं बसली. कडी-कोयंडा राहिलाय. शनिवारी येते. पत्रा तापवूनच आणते.