२४ महिन्यांचा उंदीर बाजारात मिळत नाही, साहेब

मा. मंत्रिमहोदय यांस,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी एक मेल आला. माझ्या संशोधनाच्या अनुदानातल्या दुसऱ्या हप्त्याची रक्कम मुदतीत खर्च न झाल्याने तिसरा हप्ता देता येत नाही, असं त्यात लिहिलंय. खोटं नाही ते. दुसरा हप्ता २६ मार्चला जमा झाला आणि ३१ मार्चला परत गेला. मी पाच दिवसांत वर्षाचं संशोधन उरकलं नाही, एवढाच माझा गुन्हा. (पैसे देणाऱ्या संस्थेचं नाव लिहीत नाही. अजून एक फाइल तिच्याकडे अडकली आहे.)

मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. तीस वर्षं म्हातारपणाच्या रेण्वीय जीवशास्त्रावर काम करते. मागच्या वर्षी आपण इथे आलात, तेव्हा मी तिसऱ्या रांगेत होते. पैशांअभावी एकही प्रयोग अडणार नाही, असा शब्द आपण दिलात. टाळ्या मीही वाजवल्या.

काम असं. माणसाची पेशी प्रयोगशाळेत साधारण ५० वेळा विभागते आणि थांबते, हे हेफ्लिक आणि मूरहेड यांनी १९६१ साली दाखवलं. थांबलेली पेशी मरत नाही, काम करत नाही, जागाही सोडत नाही. वर अशी रसायनं सोडत बसते की शेजारच्या धडधाकट पेशीही बिघडतात. अशा पेशी आपल्या रोजच्या पाहण्यातल्या असतील, दिल्लीत तर मजल्यामजल्यावर. २०११ साली अमेरिकेत लवकर म्हाताऱ्या होणाऱ्या उंदरांच्या शरीरातून त्या काढून टाकल्या, तर म्हातारपणाच्या काही तक्रारी लांबल्या. आम्ही हेच पायाच्या स्नायूंत पाहत होतो.

त्याला म्हातारे उंदीर लागतात. उंदराचं आयुष्य दोन-अडीच वर्षांचं, म्हणजे २४ महिन्यांचा उंदीर हा सत्तरीला टेकलेला आजोबा. तरुण उंदीर ऑर्डर देऊन येतात. म्हातारे इथे असे मिळत नाहीत, घरचे करावे लागतात. रोज दाणापाणी, दर आठवड्याला भुसा बदलणं, दिवाळीतसुद्धा. आम्ही असे ४१ केले. दसऱ्याला तयार होते, पण अशा पेशी ओळखायला लागणारी अँटिबॉडी घ्यायला पैसे नव्हते. "थई जशे, बेन," अकाउंट्सवाले भाई दर सोमवारी सांगत. उंदीर थांबतात होय? मार्चमध्ये पैसे आले तेव्हा ९ उरले होते. सत्तावीस नंबरची पाठ उघडी पडलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. हातावर घेतला की तळव्यात तोंड खुपसून बसायचा. त्यांच्या खाण्याचे साठ-सत्तर हजार माझ्या पगारातून गेले. मागत नाही, सांगून ठेवते.

नवा अर्ज केला, तर उत्तर आलं की प्रकल्प तीन वर्षांचा आणि माझी नोकरी उरली सव्वीस महिने. म्हातारपणावर काम करणाऱ्या बाईला वयाचं कारण! घरी आई ८४ वर्षांची. माझं नाव तिला आठवत नाही, पण मी दारात दिसले की विचारते, "उंदरांना खायला घातलंस?" संस्थेत हे कुणी एकदाही विचारलेलं नाही.

भाषणात आपण वेंकी रामकृष्णन यांचं नाव अभिमानानं घेतलंत. घ्यायलाच हवं, ते आमच्या एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकले, २००९ साली नोबेल मिळालं, आणि आता म्हातारपण आणि मरण यावर लिहितात. १९७१ साली बी. एस्सी. होऊन ते अमेरिकेला गेले, तेवढं सांगायचं राहून गेलं. आमचे सयाजीराव महाराज १९१३ साली एका तरुणाला साडेअकरा पौंड महिना देऊन कोलंबियाला पाठवत होते. तो आंबेडकर निघाला. महाराजांकडे पोर्टल नव्हतं, हेही खरंच.

जीडीपीचा पाऊण टक्काही आपण संशोधनावर घालत नाही. चीन अडीचच्या वर, कोरिया पाचच्या आसपास. २०२२ मध्ये आमच्या उपकरणांवरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के केलात. २०२४ च्या बजेटात प्रयोगशाळेच्या रसायनांवरची आयात ड्यूटी १० वरून थेट १५० टक्के झाली, आरडाओरडा झाल्यावर पंधरवड्याच्या आत परत १०. कुणी रसायनांच्या नावाखाली स्पिरिट आणून दारू करत होतं म्हणे. म्हणून शिक्षा पिपेटवाल्यांना! माझ्या विद्यार्थिनीची फेलोशिप कागदावर ४२,००० आहे. सात महिने आलेली नाही. ती संध्याकाळी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते, आणि बंगलोरच्या एका कंपनीला अर्जही करून बसली आहे. तिला थांब म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मागणं खरं तर दोनच ओळींचं होतं, इतकं लिहिण्यात मागे पडलं. जिवंत प्राण्यांवरच्या प्रकल्पांना ३१ मार्चचा नियम लावू नका, शिल्लक पुढच्या वर्षात नेऊ द्या. आणि हप्ता द्यायचा तर एप्रिल-मेमध्ये द्या.

आपली,
बडोद्याची एक संशोधिका

ता. क. खर्चाचं प्रमाणपत्र मिळालं नसल्याचं मेलमध्ये म्हटलंय. तीनदा पाठवलं आहे. चौथी प्रत सोबत जोडते, रक्कम शून्य रुपये, सही आणि शिक्क्यासह.