दुसऱ्या कानाचं काय?

महोदय,

कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशनने आतल्या कानात बसवायचं, आवाज विजेच्या संकेतांनी थेट नसेला पोचवणारं यंत्र) झालेल्या लहान मुलांना मी स्पीच थेरपी देते, म्हणजे ऐकायला-बोलायला शिकवते. आपल्याकडे ऑपरेशन झालं, मशीन चालू झालं, पोरगं हाकेला वळलं की सगळ्यांना वाटतं झालं काम. पण ते कुठल्या बाजूला वळलं हे कोणी बघतच नाही. माझ्याकडे दुसरीतला एक मुलगा येतो, इम्प्लांट फक्त उजव्या कानाला. थेरपीच्या बंद खोलीत मी तोंड झाकून बोलले तरी वाक्यन् वाक्य परत म्हणून दाखवतो. तोच वर्गात, डावीकडून बाईंनी हाक मारली की आधी उजवीकडे बघतो, मग मागे, मग बाकीची पोरं कुठे बघतायत ते बघून तिकडे वळतो. वर पंखा खडखडतोय, शेजारचा वर्ग पाढे म्हणतोय, त्यात त्याला अर्धं वाक्यही लागत नाही आणि बाई म्हणतात त्याचं लक्षच नसतं.

लक्ष असतं हो, कान एकच आहे. डोकं मधे येतं, त्यामुळे डावीकडून आलेले स, श सारखे बारीक आवाज उजवीकडे पोचेपर्यंत क्षीण होतात. दोन्हीकडे इम्प्लांट असेल तर ज्या बाजूला गोंगाट कमी त्या कानाचा आधार मिळतो, दिशा बऱ्यापैकी कळायला लागते, आणि एका बाजूच्या कॉइलची (मशीनचा डोक्याला चिकटणारा भाग) वायर तुटली (वायरी तुटतातच) तरी मूल एकदम शांततेत जाऊन पडत नाही. दोन इम्प्लांट म्हणजे नॉर्मल कान नाही, गोंगाटात त्रास थोडा राहतोच, हेही पालकांना स्पष्ट सांगायला हवं.

खरा प्रश्न वेळेचा आहे. जन्मतः कर्णबधिर मूल दीड वर्षापेक्षा जास्त काळ एकाच कानाने ऐकत राहिलं तर मेंदू त्या कानाकडेच झुकतो, हे टोरांटोच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं. ब्रिटनमध्ये तर 2009 पासून लहान मुलांना दोन्ही कानांचं एकाच वेळी करावं अशी सरकारी शिफारस आहे. आपल्याकडे केंद्राच्या एडिप योजनेत (दिव्यांगांना साधनं देणारी योजना) 5 वर्षांपर्यंतच्या मुलांना इम्प्लांट मिळतं, कर्णबधिरांसाठी असलेली मुंबईची अली यावर जंग संस्था ते काम बघते, आणि या योजनेमुळे कितीतरी गरिबाघरची पोरं आज बोलतायत. पण मिळतं ते एकाच कानाचं. मग आईबाप कर्ज काढून, वर्गणी गोळा करून चार-पाच वर्षांनी दुसरा कान करतात आणि मूल म्हणतं यातून नुसतं टिक टिक ऐकू येतं, आणि ते मशीन काढून खिशात ठेवतं. उशिरा केलेला कान अगदी वाया जात नाही पण त्याला एकट्याला वेगळी प्रॅक्टिस लागते, महिनोन् महिने, आणि ते आधी कोणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून सरकारला विनंती, निदान ज्यांचं बहिरेपण पहिल्या वर्षातच सापडतं त्या बाळांना तरी दोन्ही कान एकदम द्या. आणि योजना किती यशस्वी झाली हे मोजताना शांत खोलीतल्या टेस्टवर थांबू नका, गोंगाटातली टेस्ट पण घ्या, दोन-तीन वर्षांनी परत घ्या.

पालकांनाही एक सांगते. दुसऱ्या कानात थोडंफार ऐकू येत असेल तर त्याचं जुनं श्रवणयंत्र इम्प्लांट झालं म्हणून कपाटात टाकू नका. ऑडिओलॉजिस्टला (श्रवण तपासणाऱ्या तज्ज्ञाला) विचारून ते सेट करून घ्या आणि रोज घाला.

– एक स्पीच थेरपिस्ट, सांगली