लार्नेडच्या सार्जंटसाहेबांना, आप्पांच्या वतीने

आदरणीय सार्जंटसाहेब,

तुमचं खरं नाव मला माहीत आहे, पण तुम्हाला न विचारता ते इथे लिहिणं बरं नाही. त्या दिवशी फोर्ट लार्नेड या जुन्या लष्करी ठिकाणी तुम्ही त्या काळच्या सैनिकाच्या वेशात पाहुण्यांना माहिती देत होता आणि तुमच्या निळ्या कोटाच्या बाहीवर तीन फिती होत्या. आप्पांनी त्या बघितल्या आणि तेव्हापासून आमच्या घरात तुम्ही ‘सार्जंटसाहेब’च आहात. माझी इंग्रजीतली चिठ्ठी तुम्हाला मिळाली असेल. चार ओळींत आभार मानून मोकळी झाले खरी, पण पोस्टात टाकतानाच मनाला लागलं की जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. ते मराठीतच सांगता येईल. म्हणून हे पत्र. तुम्हाला मी फोनवर वाचून दाखवीन, एकेक वाक्य समजावून.

आधी आप्पांविषयी. त्या दिवशी तुम्हाला इतकंच कळलं की ते भारतीय सैन्यात होते. ते साताऱ्याकडचे. 1969 साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, बेळगावला ट्रेनिंग केलं आणि हवालदार होऊन घरी आले. गेल्या वर्षी आई गेली. गावात एकटे कसे राहणार म्हणून मी त्यांना सहा महिन्यांसाठी इकडे अमेरिकेत, कॅन्ससमधल्या विचिटाला घेऊन आले. आणून बसवलं कुठे, तर खिडकीत! रस्त्यावर माणूस दिसत नाही, बोलायला कुणी नाही, टीव्हीवरचं कळत नाही. ‘आप्पा, बरं आहे ना?’ असं विचारलं की ‘बरं आहे’ म्हणायचे. तीन महिने आमच्या घरात एवढंच संभाषण होतं.

मेमोरियल डेच्या, म्हणजे इथल्या शहीद सैनिकांच्या स्मरणदिनाच्या सुट्टीत ‘किल्ला बघायला जाऊ या’ म्हटलं, तर आप्पा पहाटे अंघोळ करून, शर्ट खोचून दारात उभे. अजिंक्यतारा, सज्जनगड लहानपणापासून पायाखालचे. किल्ला म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे बुरूज, तटबंदी, दिंडी दरवाजा. कॅन्ससच्या सपाट गवताळ रानातून दोन-अडीच तास गाडी चालवून आम्ही पॉनी फोर्क नदीच्या काठाशी पोचलो. समोर एक मोठं चौकोनी मैदान, मधोमध झेंड्याची उंच काठी आणि चारी बाजूंना वालुकाश्मातल्या बसक्या इमारती. बस.

‘तट कुठाय?’ आप्पांनी विचारलं.

तुम्ही बराकीच्या व्हरांड्यात उभे होता. मी त्यांचा प्रश्न इंग्रजीत केला. तुम्ही हसण्यावारी न नेता नीट उत्तर दिलंत. या मुलखात तट बांधायची गरजच नव्हती, कारण येणारा स्वार मैलभरावरून दिसायचा. इथलं सैन्य किल्ला राखायला नव्हतंच, ते वाट राखायला होतं. मिसुरीपासून सांता फेपर्यंत सुमारे 1450 किलोमीटरची व्यापाराची वाट, त्यावरून जाणारे मालाचे गाडे आणि टपाल. 1859 मध्ये इथे नुसती छावणी पडली, पुढच्याच वर्षी तिला फोर्ट लार्नेड नाव मिळालं. आधी मातीच्या भिंती होत्या, हे दगडी बांधकाम 1866 ते 1868 मधलं.

आप्पांनी मान डोलावली. म्हणाले, ‘म्हणजे किल्ला नाही, चौकी आहे ही.’ मी ‘पोस्ट’ असं सांगितल्यावर तुम्ही म्हणालात की सैनिकही याला पोस्टच म्हणायचे. तिथून दिवस बदलला.

कारण पुढच्या दहा मिनिटांत माझी गरजच उरली नाही. तुम्ही सैनिकाचा दिवस सांगत होता. पहाटेचा बिगुल, हजेरी, आजाऱ्यांची रांग, गार्ड माउंटिंग म्हणजे पहाऱ्याची बदली, मग फटीग. ‘फटीग’ हा शब्द ऐकला आणि आप्पांनी माझ्याकडे न बघता थेट तुम्हाला विचारलं, ‘फटीग? डेली?’ तुम्ही म्हणालात, ‘एव्हरी डे.’ लाकूड तोडणं, पाणी भरणं, खड्डे खणणं, दगड वाहणं. आप्पा खळखळून हसले. आई गेल्यापासून मी ते हसू ऐकलं नव्हतं. आप्पांना इंग्रजी येत नाही हे खरं, पण पलटणीचं इंग्रजी त्यांना येतं. कंपनी, क्वार्टरमास्टर, सेंट्री, रिट्रीट, किट. तुमच्याकडे 1868 च्या पोस्टवर हे शब्द होते आणि आप्पांच्या उत्तर सिक्कीमच्या चौकीवरही हेच होते. त्या पाच-पन्नास शब्दांवर तुम्ही दोघं दुपारभर बोललात. मी मागून चालत होते आणि माझ्या वडिलांकडे नव्याने बघत होते.

बराकीतल्या त्या लाकडी पलंगांपाशी तुम्ही दाखवलंत की एका पलंगावर चार माणसं झोपायची, दोन खाली, दोन वर, अंगाखाली गवत भरलेली खोळ. दमलेला, न धुतलेला, लोकरीच्या जाड कपड्यांतला माणूस शेजारी. मग तुम्ही तुमच्या स्वतःच्या सामानातलं राखाडी कांबळं काढलंत आणि ते आप्पांच्या हातात दिलंत. एका शब्दाने काही सांगितलं नाहीत, नुसतं दिलंत. आप्पांनी ते पलंगाच्या कडेला ठेवलं, दोन्ही हातांनी सारखं केलं, तळव्याने सुरकुती काढली, तिहेरी घडी घातली आणि दुमडलेली कड आपल्याकडे न ठेवता दाराकडे केली. इन्स्पेक्शनला येणारा साहेब दारातून बघतो, त्याला सुटी टोकं दिसता कामा नयेत. हे मला नंतर गाडीत कळलं. तुम्हाला मात्र तिथेच कळलं असावं, कारण तुम्ही टाचा जुळवून उभे राहिलात.

भट्टीच्या खोलीत माझ्या मुलाने पाव किती मिळायचा म्हणून विचारलं. माणशी रोज 18 औंस, म्हणजे अर्ध्या किलोच्या वर थोडा. पीठही तेवढंच मंजूर. पण पिठात पाणी पडतं, पाव वजनाने वाढतो, म्हणून भट्टीवाल्याकडे पीठ शिल्लक राहायचं. ते विकून आलेला पैसा पोस्टच्या फंडात, आणि सरकार जे देत नव्हतं ते त्यातून यायचं. हे मी कसंबसं मराठीत करून सांगितलं तर आप्पा म्हणाले, ‘लंगर कमांडर हुशार असला तर पलटण पोटभर जेवते.’ मग त्यांनी सांगितलं की वरच्या चौकीवर भात शिजत नसे, प्रेशर कुकर नसेल तर तांदूळ नुसते उकळत राहायचे आणि भाज्या डब्यातल्या. तुम्ही सांगितलंत की तुमच्या सैनिकांना वाळवून दाबलेल्या भाज्यांच्या वड्या मिळायच्या आणि त्यांना त्या मुळीच आवडत नसत. दोघांनी एकाच वेळी तोंड वाकडं केलं. तो फोटो माझ्याकडे आहे, पाठवते.

धोबिणींच्या तंबूतल्या ताईंचेही आभार तुमच्यामार्फत. एका कंपनीमागे चार धोबिणी सरकारी शिध्यावर असायच्या, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या मुलाने अर्धा तास एकच रुमाल घासला आणि त्या एकदाही कंटाळल्या नाहीत.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे पत्र लिहितेय.

मैदानात तुम्ही माउंटन हॉवित्झर दाखवत होता. तोफ छोटी का, तर खेचरांवर लादायची असते. नळी एका खेचरावर, गाडा दुसऱ्यावर, दारूगोळा आणखी एकावर. नुसती नळीच शंभर किलोची. आप्पा पुढे झाले, नळीवर हात ठेवला आणि बोलायला लागले. मराठीत. तुम्हाला कळत नव्हतं, तरी तुम्ही त्यांना थांबवलं नाहीत, मागची मंडळी ताटकळली होती तरी. मी तुकड्या-तुकड्याने सांगत गेले. त्यांच्या चौकीवर रेशन आणि रॉकेल खेचरांवरून यायचं. एका हिवाळ्यात बर्फावरून एक खेचर घसरलं आणि दरीत गेलं. ते खाली जिवंत होतं, ओरडत होतं. उतरायला वाट नव्हती. अंधार पडेपर्यंत आवाज येत होता, मग बंद झाला. आमच्याकडे फौजेच्या खेचराच्या खुरावर नंबर असतो. आप्पांना तो नंबर अजून पाठ आहे. त्यांनी तिथे उभं राहून तो म्हणून दाखवला.

मी त्यांची मुलगी. मला हे माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

तुम्ही काही बोलला नाहीत. टोपी काढलीत आणि त्यांना हाताने ‘चला’ अशी खूण करून इमारतींच्या पलीकडे, एका रिकाम्या जागेपाशी घेऊन गेलात. तिथे आता गवत आहे. 2 जानेवारी 1869 च्या पहाटे तिथला तबेला जळाला आणि दहाव्या घोडदळाच्या ए कंपनीचे 39 घोडे मेले. कंपनी काळ्या सैनिकांची. गोऱ्या सैनिकांशी झालेल्या भांडणानंतर गोऱ्या मेजरने त्यांना थंडीत लाकडाच्या ढिगावर पहाऱ्याला उभं केलं होतं, त्यामुळे आपल्या घोड्यांजवळ ते नव्हतेच. आग कशी लागली ते कधीच ठरलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या कंपनीलाच इथून हलवलं. हे सगळं तुम्ही पाटीवर वाचायला सोडून पुढे जाऊ शकला असता. तुम्ही हळू, सोप्या शब्दांत सांगितलंत आणि मी भाषांतर करेपर्यंत प्रत्येक वेळी थांबलात. आप्पांनी एकच विचारलं, ‘घोडे त्यांनी स्वतः वाढवलेले का?’ तुम्ही म्हणालात, दोन वर्षांपूर्वी ही कंपनी इथे आली ती घोडदळ म्हणूनच, रोजचा खरारा, दाणापाणी सगळं त्यांच्याच हातचं. आप्पांनी खाली वाकून त्या गवताला हात लावला.

आणखी एका गोष्टीसाठी मी तुमची ऋणी आहे. निळी वर्दी घातलेल्या माणसाने फक्त त्या वर्दीची बाजू सांगितली असती तर ऐकणाऱ्यांना वावगं वाटलं नसतं. पण माझ्या मुलाने विचारलं की इंडियन लोक, म्हणजे इथले मूळ रहिवासी, वाईट होते का. तुम्ही एका गुडघ्यावर बसून त्याला सांगितलंत की ही जमीन शायेन, अरापाहो, कायोवा, कोमांची यांच्या शिकारीची होती आणि ही वाट तिच्यातून काढलेली होती. याच पोस्टवर त्यांना कराराप्रमाणे धान्य, कापड वाटलं जायचं. आणि याच पोस्टवरून एप्रिल 1867 मध्ये जनरल हॅनकॉकची फौज पश्चिमेला निघाली. पॉनी फोर्कच्या काठी शायेन आणि लाकोटांचं गाव होतं, अडीचशेच्या आसपास तंबूंचं. माणसं आधीच भिऊन पळाली होती. हॅनकॉकने सगळं गाव जाळलं आणि लढाई थांबायच्या ऐवजी पेटली. ‘त्यांची भांडीसुद्धा?’ असं मुलाने विचारलं. तुम्ही ‘हो’ म्हणालात. घरी आल्यावर त्याने वहीत नदी काढली आणि तिच्या काठावर तंबू. सैनिक काढले नाहीत.

ही जागा टिकली कशी, तेही तुमच्याकडूनच कळलं. रेल्वे आली, वाट ओस पडली, 1878 मध्ये सैन्य निघून गेलं. पुढे कित्येक वर्षं ती शेतकऱ्यांच्या मालकीची होती, बराकींचं कोठार झालं होतं. वापरात राहिल्या म्हणून भिंती पडल्या नाहीत. 1964 मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाली. आमच्याकडचे कितीतरी वाडे नुसते कुलूप लावून ठेवल्यामुळे पडले, हे आप्पांनी दोनदा म्हणून दाखवलं. जून जवळ आला की गावच्या वाड्यातल्या गळक्या वाशांची त्यांना काळजी लागते, म्हणून ते बोलत होते.

संध्याकाळी झेंडा उतरवायची वेळ झाली. तुम्ही जमलेल्यांतून चार-पाच जणांना बोलावलंत, झेंडा जमिनीला टेकू नये म्हणून झेलायला. पहिलं बोट आप्पांकडे केलंत. बिगुल सुरू झाला आणि आप्पा सावधानमध्ये आले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस, काठी मुलाच्या हातात दिली. तोफेचा बार झाला तेव्हा सगळे दचकले, आप्पांची पापणी हलली नाही. झेंड्याची कड हातात आल्यावर त्यांनी ती छातीशी धरली. घडी घालताना तुमचा हात आणि त्यांचा हात, कापड ताणून, कडेला कड. सगळं झाल्यावर तुम्ही त्यांना सॅल्यूट केलात. सार्जंटने हवालदाराला. त्यांनीही केला.

परतीच्या वाटेवर अडीच तास आप्पा बोलत होते. बेळगावच्या थंडीतली पहाटेची पीटी, पहिली रजा, रजेवर आल्यावर आईने स्टेशनवर न ओळखणं. मी ऐकता ऐकता दोनदा वळण चुकले. तेव्हापासून आमच्याकडे रात्री जेवणानंतर अर्धा तास त्यांचा असतो. मुलगा फोन बाजूला ठेवतो आणि विचारतो, ‘मग, आप्पा?’ चौकीवरच्या सगळ्यांची नावं मी लिहून काढली आहेत. सतरा जण. त्यांतल्या दोघांच्या घरचे फोन नंबर मिळाले, एक जण कराडला आहे. आप्पा त्यांच्याशी परवा पाऊण तास बोलले.

ते पुढच्या महिन्यात गावी जातायत. तुम्ही दिलेलं गरुडाचं पितळी बटण त्यांनी पाकिटात आईच्या फोटोमागे ठेवलंय. आणि तुमच्यासाठी गावाहून एक घोंगडी मागवली आहे, आमच्या धनगरवाड्यावर विणलेली, काळी, कडेला पांढरी पट्टी. तुमच्या पलंगासाठी आहे, कपाटात ठेवू नका असं त्यांनी बजावून सांगितलंय. नवी असताना टोचेल. विणताना सुताला चिंचोक्याची खळ लावलेली असते, म्हणून ती कडक लागते. वापरून वापरून मऊ होईल. मशीनमध्ये धुऊ नका. वास आला तर नुसती झटकून कॅन्ससच्या उन्हात एक दिवस टाका, पुरे.

आप्पांचा तुम्हाला रामराम.

तुमची,
हवालदारांची मुलगी
विचिटा, कॅन्सस