शनिवारी रात्री गच्चीवर या, निवांत बसू

सगळ्यांनी वाचा बरं का, नुसता अंगठा टाकून पुढं जाऊ नका.

येत्या शनिवारी संध्याकाळी ७.३० पासून बी विंगच्या गच्चीवर जमायचंय. कार्यक्रम काहीच नाही, माईक नाही, भाषण नाही, हौजी पण नाही. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ ला टेकतो आणि आपण दार लावून कूलरपुढं मोबाईल बघत बसतो, पण सूर्य बुडाला की वारं सुटतं ते कुणी अनुभवतंय का?

गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो, म्हणून सहाला पोरांनी पाणी मारायचं. पिण्याचं नाही हं, बोअरचं, आणि बादलीनंच, पाईप लावून धो धो नको.

पन्हं सी विंगच्या काकू करणारेत, कैऱ्या उकडून, गूळ आणि वेलची घालून, त्यामुळं पावडरचं सरबत कुणी आणू नये ही नम्र विनंती. बाकीच्यांनी कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, कांदा जे जमेल ते आणा. कलिंगड वर्गणीतून येईल, घरटी ५० रुपये शुक्रवारपर्यंत वॉचमनकडं द्या.

ताट-वाटी आणि अंथरायला चादर आपापली. जुनी सोलापुरी असेल तर तीच आणा, धुऊन धुऊन मऊ झालेली.

मोबाईल घरीच. डॉक्टर मंडळींना सूट.

साडेदहानंतर आवाज कमी, खाली आजारी माणसं आहेत. ज्यांना वरच झोपायचंय त्यांनी उशी आणा, आणि कठड्याजवळ लहान पोरांना झोपवू नका.