नॉर्वेच्या राण्या शोभेपुरत्या नव्हेत

महोदय,

नॉर्वेच्या राजघराण्याचा विषय निघाला की सगळे कौतुक राजांच्या वाट्याला जाते, राणी छायाचित्रापुरती. वास्तविक मार्गारेटेसारखी मुत्सद्दी स्त्री त्या काळात विरळाच. १३६३ मध्ये, जेमतेम दहाव्या वर्षी, राजा सहावा होकोन याच्याशी तिचे लग्न झाले. आकेर्सहूस किल्ल्यातून तिने नवऱ्याला धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्यात डावपेच नाहीत. नोकरचाकरांना खायला-प्यायला पुरत नाही, ही गाऱ्हाणी आहेत! पुढे पती गेला, १३८७ मध्ये एकुलता मुलगाही गेला. तेव्हा याच बाईने कारभार हाती घेतला आणि १३९७ च्या काल्मार संघात नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन एका छत्राखाली आणले. त्यात नॉर्वेचे वजन पुढे घटत गेले, हेही खरेच.

अलीकडची राणी सोन्या तर कापड व्यापाऱ्याची मुलगी. राजपुत्र हाराल्डशी लग्नाची परवानगी मिळायला नऊ वर्षे लागली. लग्न १९६८ मध्ये झाले. १९९० मध्ये राज्यघटना बदलून ज्येष्ठ अपत्याला, मग ती मुलगी असली तरी, गादीचा हक्क मिळाला. पण सोन्याची थोरली मुलगी मार्था लुईसे त्यातून वगळलीच गेली; युवराज धाकटा होकोनच. आता त्याच्यामागे वारस आहे ती त्याची मुलगी, २००४ मध्ये जन्मलेली इंग्रिड अलेक्सांड्रा.

– एक वाचक, सातारा