पगारवाढीसाठी पर्यटकांना घाबरवू नका

महोदय,

गणपतीत चाकरमानी गावी येतात तेव्हा कशेडी घाटापासून पुढे महामार्गावर जागोजागी खाकीतली माणसे उभी असतात. त्यांच्या घरचा गणपती बहुधा दिराने नाहीतर शेजाऱ्याने आणलेला असतो. मी अशाच एका हवालदाराची बायको. उत्तर रत्नागिरीतल्या एका पोलीस लाईनीत राहते, घरी शिवणकाम करते. माझ्या नवऱ्याला हे पत्र लिहिता येत नाही. १९६६ च्या कायद्याने पोलिसाला परवानगीशिवाय युनियनमध्ये जाता येत नाही, पगारासारख्या मागण्यांसाठी सभेत बोलता येत नाही आणि पेपरात लिहिताही येत नाही. लिहिलेच तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बायकोला मात्र अजून तरी मनाई नाही.

आम्हा पोलीस पत्नींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हल्ली एक टूम निघाली आहे. पगार, जादा ड्युटीचा मोबदला आणि क्वार्टर्सची दुरुस्ती यासाठी सरकारवर दबाव आणायचा, तर मे महिन्याच्या सीझनमध्ये दापोली किनाऱ्यावरच्या कर्दे, मुरुड, हर्णैच्या रस्त्यांवर बोर्ड लावायचे: ‘येथे पोलीस अपुरे आहेत. आपल्या जिवाच्या जबाबदारीवर या.’ बुकिंग रद्द झाली की हॉटेलवाले ओरडतील, ते ओरडले की मंत्री जागे होतील, असा हिशोब. बऱ्याच जणींनी होकाराचे अंगठे दाखवले. मी नाही दाखवला.

मागण्या खऱ्या आहेत. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे शिपायाचा मूळ पगार २१,७०० पासून सुरू होतो. ऐकायला बरा वाटतो, पण त्यात रात्र-दिवस मोजलेले नाहीत. आठ तासांची ड्युटी २०१६ साली मुंबईत देवनार ठाण्यापासून सुरू झाली; आमच्या ठाण्यापर्यंत ती आलेली नाही. शिमग्यात पालखीचा बंदोबस्त, मे महिन्यात वाळूत रुतलेल्या आणि भरती आल्यावर तरंगायला लागलेल्या गाड्यांचे शहाणे मालक, श्रावणात सण, मग गणपती, मग निवडणूक. साप्ताहिक सुट्टी कागदावर असते. क्वार्टरच्या छपरातून पावसाळाभर पाणी गळते, त्यासाठी दिलेल्या अर्जांची फाईल माझ्याकडे आहे.

पण बोर्ड लावून मार कोणाला बसणार? माझी आतेबहीण कर्द्याला घरगुती खानावळ चालवते. तिने दोन खोल्यांसाठी बँकेचे कर्ज काढले आहे. डॉल्फिन दाखवायला नेणारा होडीवाला, कोकम-आमसुले विकणाऱ्या बायका यांच्यातल्या एकाच्याही हातात माझ्या नवऱ्याचा पगार नाही. तो मंत्रालयात ठरतो. आणि ज्या माणसांनी अडीअडचणीला पोलिसांवर विसंबायचे, त्यांचाच धंदा पोलिसांच्या घरच्यांनी बुडवायचा?

मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्याने सांगितले की ही युक्तीही नवी नाही. १९७५ च्या जूनमध्ये न्यूयॉर्क शहराची तिजोरी रिकामी होती आणि पोलिसांची नोकरकपात ठरली होती. तेव्हा तिथल्या पोलीस आणि अग्निशमन युनियनांनी कवटीचे चित्र असलेली पत्रके पर्यटकांसाठी काढली. शीर्षक ‘वेलकम टू फिअर सिटी’. संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर फिरू नका, भुयारी रेल्वेत बसू नका, असले सल्ले. प्रकरण कोर्टात गेले, बोभाटा भरपूर झाला, आणि महिनाअखेर हजारो पोलिसांना घरी पाठवायचे ते पाठवलेच.

आमच्या घरात याहून जवळची आठवण आहे. सासरे १९८२ साली मुंबईत नायगावच्या लाईनीत होते. त्या १५ ऑगस्टला पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. १८ तारखेला पोलीस संघटनेच्या नेत्यांना अटक झाली, संघटनेची मान्यता गेली, शहरात दंगल उसळली, लष्कर आले. मुख्यमंत्री बाबासाहेब भोसले होते. गिरण्यांचा संप जानेवारीपासून चालूच होता, आमचे निम्मे नातेवाईक त्यात. पुढे कित्येक शिपाई बडतर्फ झाले. सासऱ्यांची नोकरी वाचली, पण त्या दिवसांबद्दल विचारले की ते उठून परसात जातात.

माझी खरी तक्रार इथे आहे. इंग्लंडमध्येही १९१८ आणि १९१९ साली पोलिसांनी संप केले. तिथल्या सरकारने संपावर बंदी घातली, पण त्याच १९१९ च्या कायद्याने पोलीस फेडरेशन उभे करून गाऱ्हाणी मांडायला एक दार ठेवले. केरळात पोलिसांची संघटना आजही आहे, तिथे काही आभाळ कोसळलेले नाही. आपल्याकडे ८२ साली संपही गेला आणि बोलायची जागाही गेली. मग कुठे बायका-मुलांचा मोर्चा, कुठे असला बोर्ड. साहेबांपुढे शिपायाने रजा मागायची तरी चार वेळा घसा खाकरावा लागतो, तिथे पगाराचे काय बोलणार?

तेव्हा पालकमंत्र्यांना विनंती, गणपतीचा बंदोबस्त लागण्याआधी जिल्ह्यातल्या लाईनींमधल्या बायकांना एकदा भेटीला बोलवावे, आणि शिपाई-हवालदारांनी निवडलेल्या प्रतिनिधींशी दर तिमाहीला बैठक घेण्याचा लेखी आदेश शासनाकडून काढून घ्यावा. भेट मिळाली नाही तर आम्ही रीतसर परवानगी काढून रत्नागिरीला कलेक्टर कचेरीसमोर बसू, गळक्या छपरांचे फोटो घेऊन. समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांना त्यात ओढणार नाही. ग्रुपवरही मी हेच लिहिले आहे. दोघींनी मला ग्रुपमधून काढायची सूचना केली आहे.

कृपया माझे नाव छापू नये. कायदा मला लागू नसला तरी बदली नवऱ्याची होते, आणि मुलीची दहावी आहे.

– एका हवालदाराची पत्नी, जि. रत्नागिरी
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)